राजवाडा वगळून बडोदे: साडेतीनशे रुपयांत एक दिवस

बडोद्याला पाहुणा आला की आपण त्याला आधी लक्ष्मीविलासला नेतो. मेजर मँटने आखलेला, चिझमने तडीस नेलेला आणि १८९० मध्ये पुरा झालेला तो राजवाडा देखणा आहेच. पण चार माणसांची तिकिटे काढली की दिवसाचा बराचसा खर्च तिथेच होतो, अर्धा दिवसही जातो, आणि ज्या बडोद्याबद्दल आपण एरवी अभिमानाने बोलतो ते पाहायचे राहून जाते. सयाजीराव महाराजांनी राजवाड्याबाहेर बाग, संग्रहालय, ग्रंथालय, गायनशाळा उभी केली ती रयतेसाठी. म्हणून आजही ती फुकट किंवा नाममात्र तिकिटात पाहता येते.

पैसे कमी लागतात, घड्याळ मात्र सांभाळावे लागते. यातल्या बऱ्याच जागा सरकारी वेळेत उघडतात आणि बंद होतात. संग्रहालय साडेदहाच्या सुमारास उघडते, भिंतीवरची चित्रे दिवसाच्या उजेडातच नीट दिसतात, आणि चार दरवाज्यांच्या आतल्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. क्रम चुकला तर एखाद्या बंद फाटकाशी उभे राहावे लागते. रविवारी बागेत गर्दी उसळते, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी गुजरात सरकारची कार्यालये बंद असतात. म्हणून गुरुवार किंवा शुक्रवार धरावा आणि सणाची सुट्टी आडवी येत नाही ना, तेवढे कॅलेंडरवर पाहून घ्यावे. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा पायी दिवस करू नये.

पूर्ण वाट पाचेक किलोमीटरची आहे: स्टेशन, सयाजीगंज, काळा घोडा, कमाटी बाग, पूल ओलांडून कीर्तिमंदिर, कोठी, रावपुरा, दांडिया बाजार, सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी. शहर असे पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेले की एका दिशेने चालणे होते आणि शेवटी न्यायमंदिराच्या बसस्टँडवरून स्टेशनला परत येता येते. उलट दिशेने निघालात तर सकाळी बाजार झोपलेला आणि दुपारी संग्रहालयात पाय दुखलेले, असा दुहेरी तोटा होतो.

गाडीतून उतरल्यावर सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा, अलकापुरीच्या बाजूने नको. समोरच जनमहालचा सिटी बसस्टँड आहे, पण पहिल्या टप्प्याला बसची गरज नाही. साडेआठ-नऊला आलात तर विद्यापीठाच्या कला शाखेकडे चालत जा. १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही इमारत चिझमची, आणि तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा. बाहेरून सगळे फोटो काढतात, पण खरी मजा घुमटाखाली उभे राहून वर पाहण्यात आहे. फाटकावर विचारतात, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि सरळ सांगा की इमारत पाहायची आहे. परीक्षा चालू असल्यास आत सोडत नाहीत. त्याच परिसराजवळची फाइन आर्ट्स फॅकल्टी (१९५०) ज्यांना चित्रांची गोडी आहे त्यांनी चुकवू नये. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन यांनी इथे शिकवले. शैक्षणिक वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांची कामे मांडतात, तेव्हा तिकीट न काढता उद्याचे चित्रकार पाहायला मिळतात.

काळ्या घोड्यापाशी, म्हणजे महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, कमाटी बागेचे फाटक आहे. कागदोपत्री ती सयाजीबाग, १८७९ ची, ११३ एकरांची. पुरी बाग फिरायच्या भरीला पडू नका. फुलांचे घड्याळ पाहा, सावलीच्या रस्त्याने थेट संग्रहालय गाठा आणि दार उघडताना तिथे असा.

संग्रहालय नीट पाहायला दोन तास लागतात आणि लोक पहिल्याच तासात दमतात. कारण एकच: ते दारातून शिरतात आणि प्रत्येक काचपेटीपुढे सारखा वेळ थांबतात. इथे दोन इमारती आहेत, मधून जोडलेल्या. वस्तुसंग्रहालय १८९४ चे, चित्रदालन नंतरचे. चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली होती, पण महाराजांनी युरोपात घेतलेली चित्रे पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली आणि दालन १९२१ मध्ये उघडले. पाय ताजे असताना आधी अकोट्याचे कांस्यशिल्प पाहा. शहराच्या पश्चिमेला अकोट्यात १९५१ मध्ये जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला, त्यातल्या सर्वांत जुन्या पाचव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. मूर्ती लहान आहेत. त्यांच्याभोवती फिरता येईल तितके फिरा, बाजूने पाहिल्यावर डोळ्यांतली चांदी आणि वस्त्राच्या चुण्या कळतात. त्यानंतर युरोपीय चित्रे. निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तची ममी शेवटी ठेवा. मुले बरोबर असतील तर हा क्रम उलटवा, नाहीतर देवमाशाच्या हट्टापायी अकोटा पाहूच देत नाहीत. फोटोचे वेगळे पैसे पडतात. ते आधी विचारून घ्या, मधेच पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बागेतून बाहेर आलात की विश्वामित्रीचा पूल. थंडीत ऊन चढल्यावर काठावर मगरी पहुडलेल्या दिसतात, भर शहरात, कुंपणाशिवाय. पुलाच्या कठड्यावरूनच पाहा. काठाची हिरवळ कोरडी आणि निवांत दिसते, म्हणून लोक खाली उतरतात. पण मगर मातीच्या रंगात इतकी मिसळलेली असते की चार हातांवर येईपर्यंत दिसत नाही.

पूल ओलांडला की कीर्तिमंदिर. बडोद्यातली माझ्या मते सर्वांत कमी पाहिली गेलेली मोठी जागा हीच. गायकवाड घराण्याच्या दिवंगतांच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी १९३६ मध्ये हे बांधून घेतले. दगडी इमारत, मधले शिखर सुमारे ३५ मीटर उंच आणि त्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी. पृथ्वीच्या गोलावर अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. रस्त्यावरून जाणारे एवढेच पाहतात. आतल्या मधल्या दालनाच्या चारही भिंतींवर नंदलाल बोस यांनी काम केले आहे: गंगावतरण, मीरेचे जीवन, टागोरांचे नाटक ‘नटीर पूजा’ आणि महाभारताचे युद्ध. १९३९ पासून पुढची काही वर्षे ते शांतिनिकेतनातून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत आणि एकेक भिंत पुरी करत.

ही चित्रे पाहण्याची एक रीत आहे. आत शिरल्याबरोबर जवळ जाऊ नका. उन्हातून आल्यावर डोळ्यांना दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही, आणि याच दोन मिनिटांत बहुतेक लोक ‘अंधार आहे’ म्हणून बाहेर पडतात. दालनाच्या मधोमध उभे राहा. आधी गंगावतरणाची भिंत अख्खी नजरेत घ्या, शिवाची आकृती आणि तिच्याभोवती उतरत जाणाऱ्या रेषा. मग मीरेकडे वळा. तिथे एका चौकटीत एक प्रसंग असे नाही. तीच मीरा भिंतभर पुन्हा पुन्हा येते, आणि नजर जशी सरकते तशी कथा सरकते. युद्धाची भिंत शेवटी पाहा, तिथे गर्दी आणि वेग आहे. मोबाइलचा झोत भिंतीवर मारू नका. पहारेकरी रागावतात आणि बरोबर रागावतात, जुन्या रंगांना तो झोत घातक असतो. दुपारी मधल्या वेळेत दार बंद मिळू शकते. तेव्हा संग्रहालयातून साडेबाराच्या आत बाहेर पडणे जमले नाही तर आधी जेवून घ्या आणि तीननंतर इकडे या. मागे येण्याचे अंतर फार नाही.

कोठीची दगडी इमारत उजव्या-डाव्या नजरेने पाहत रावपुऱ्याकडे निघा. ती सरकारी कचेरी आहे, आत पाहण्यासारखे काही नाही. चिमणाबाई टॉवर, ज्याला सगळे रावपुरा टॉवर म्हणतात, १८९६ चा. महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई अवघ्या विशी-एकविशीत वारल्या, त्यांच्या स्मरणार्थ. रिक्षावाल्याला हीच खूण सांगा, ‘तांबेकर वाडा’ म्हटले तर अनेकांना कळत नाही.

वाडा टॉवरपासून गल्लीत आत आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. बाहेरून एखादे जुने घर वाटते आणि पाटी शोधावी लागते. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबलेले बरे, आणि पाठीवरची बॅग पुढे घ्या म्हणजे ती रंगवलेल्या भिंतीला घासत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंती, दारांच्या फळ्या, खांबांच्या मधल्या जागा, सगळे रंगवलेले आहे. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रज यांची लढाई आहे, आणि त्याच भिंतीवर युरोपीय बायकाही आहेत, खुर्चीवर बसलेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी सरदाराच्या दिवाणखान्यात काय काय एकत्र नांदत होते, ते इथे एका नजरेत दिसते. लढाईच्या चित्रात पगड्या पाहा. कोणाची पगडी कशी बांधली आहे यावरून चितारी माणसामाणसांत भेद करतो, आणि मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो भेद कोणी समजावून द्यावा लागत नाही. रंग काही जागी उडाले आहेत, खालच्या पट्ट्यात जास्त, कारण हात आणि खांदे तिथेच लागतात. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान खिडकीतून येणारा उजेड पुरतो. साडेचारनंतर आलात तर अर्धे चित्र अंधारात जाते आणि बंद करण्याची घाईही सुरू होते. इथला कर्मचारी साधारणपणे एकटाच असतो. त्याला ‘वरची खोली उघडता का’ असे नीट विचारा. न विचारता खालूनच परत गेलेले लोक ‘काही विशेष नाही’ म्हणून सांगत फिरतात.

जेवणाची वेळ कीर्तिमंदिर आणि वाडा यांच्या मधे येते. रावपुरा आणि दांडिया बाजार हा जुना मराठी वस्तीचा भाग, तेव्हा खाणे स्वस्त आणि ओळखीचे. दांडिया बाजारातले कॅनरा कॉफी हाउस जुन्या बडोदेकरांना पुरीभाजीसाठी ठाऊक आहे. पोटभर हवे असेल तर साध्या डायनिंग हॉलमधली गुजराती थाळी घ्या, शंभर-दीडशेत होते. फक्त डाळ गोड असते हे पाहुण्याला आधी सांगून ठेवा. थाळी रेटून खाल्ली तर पुढे चालवत नाही, म्हणून मी चालायच्या दिवशी पुरीभाजीच्या बाजूने आहे.

दांडिया बाजारातच अरविंद निवास. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, महाराजांच्या नोकरीत आणि कॉलेजात. पुढे १९०८ च्या आरंभी योगी विष्णू भास्कर लेले यांच्याबरोबर त्यांनी ध्यान केले तेही याच शहरात, सरदार मजुमदारांच्या वाड्यात. निवासात शिरायला पैसे नाहीत, बोलायची मनाई आहे. भर दुपारी अर्धा तास सावलीत शांत बसायला याहून चांगली जागा या वाटेवर नाही. फोन बंद करूनच आत जा.

चारच्या सुमारास सूरसागर. तलावाच्या मधोमध शंकराची उंच मूर्ती आहे, ती सगळ्यांना माहीत. काठावरची विद्यापीठाची संगीत शाखा मात्र नजरेआड राहते. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा ती हीच. वर्ग चालू असताना फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर तबला आणि गाणे सहज ऐकू येते. आत घुसून वर्गाच्या खिडकीशी उभे राहू नये.

न्यायमंदिर चार पावलांवर. १८९६ ची ही इमारत मुळात बाजारासाठी म्हणून उभी राहिली आणि पुढे तिच्यात न्यायालय बसले. बाहेरून पाहून लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरा. इथून मांडवीपर्यंतचा रस्ता, आजूबाजूचा मंगळ बाजार, सगळे पायीच. स्वतःची दुचाकी असली तरी ती न्यायमंदिराच्या बाहेरच लावा. आत नेली तर ती काढण्यातच संध्याकाळ जाते. पाकीट पुढच्या खिशात. साडेपाचच्या आत मांडवीपर्यंत पोचायचे, त्याचे कारण पुढे.

मांडवी म्हणजे चार दरवाज्यांच्या मधोमध उभी चौकोनी कमान. लहरीपुरा पश्चिमेला, पाणीगेट पूर्वेला, चांपानेर उत्तरेला, गेंडीगेट दक्षिणेला. कमानीखाली उभे राहिले की चारही रस्ते दिसतात आणि जुन्या शहराची आखणी नकाशा न पाहता कळते. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा सुरू झाली ती याच भागात, म्हणून मागचा रस्ता बँक रोड.

आणि त्याच बाजूला सेंट्रल लायब्ररी, जिच्यासाठी घाई करायची. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले आणि स्वतःच्या संग्रहातली २०,००० पुस्तके दिली. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शाळेत शिकलेली मुले मोठी झाल्यावर वाचणार काय, हा प्रश्न त्यांना पडला होता आणि त्याचे उत्तर गावोगावी पाठवलेल्या पुस्तकांच्या पेट्या हे होते. मध्यवर्ती इमारतीतले पुस्तकांचे दालन पाहण्यासारखे आहे: पोलादी कपाटांचे मजले एकावर एक, आणि मधली जमीन जाड काचेची. वरच्या खिडकीतून आलेला उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या पाठीपर्यंत पोचतो, म्हणजे दिवसा दिवा न लावता नाव वाचता येते. पोलाद आणि काच वापरल्याने आगीचे भयही कमी. तिथे सरळ चढून जाता येत नाही. काउंटरवर ‘काचेची जमीन पाहायची आहे’ असे सांगून परवानगी मागा. काम आटोपायची वेळ झाली असेल तर नकार मिळतो, म्हणून ती साडेपाचची अट. वर जाताना टाचांचे बूट नकोत आणि मोठा घोळका नको, दोघे-तिघे असले की सोडतात.

संध्याकाळी सेव उसळ, त्याशिवाय बडोद्याचा दिवस मोडतो. रात्रभर भिजवलेला पांढरा वाटाणा, पातळ रस्सा, वर शेव, हिरवी कांद्याची पात, बाजूला पाव आणि वेगळ्या भांड्यात लाल तरी. ती तरी लसूण-मिरचीची, तेलाची. नवखा माणूस हमखास दोन गोष्टी करतो. तरी एकदम ओततो, मग तोंड भाजते आणि वाटाण्याची चव जाते. किंवा शेव सगळी एकदाच घालतो आणि ती दोन मिनिटांत लगदा होते. अर्धी शेव राखून ठेवा, तरी चमच्याने वाढवत न्या, रस्सा संपला की पुन्हा मागा, बहुतेक ठिकाणी तो वाढतात. पन्नास-साठ रुपयांत जेवण होते. घरी न्यायला रावपुऱ्यातले दुलीराम पेंडे किंवा जगदीशची भाकरवडी आणि लीलो चेवडो. लांबचा प्रवास असेल तर चेवडा घ्या, पेंडे उन्हाळ्यात एका दिवसात खाऊन टाकावे लागतात.

हिशेब असा: सकाळचा नाश्ता आणि चहा चाळीस-पन्नास, संग्रहालयाचे तिकीट नाममात्र, जेवण शंभर-दीडशे, सेव उसळ पन्नास-साठ, परतीची सिटी बस किंवा शटल रिक्षा दहा-वीस. पाण्याची बाटली घरून आणली तर साडेतीनशेत माणशी भागते. खर्च फुगतो तो स्वतंत्र रिक्षाने. प्रत्येक टप्प्याला रिक्षा केली तर तितकेच पैसे पुन्हा जातात. करायचीच असेल तर बसण्याआधी भाडे ठरवा.

दुचाकी असलेल्यांनी आणखी अर्धा दिवस काढावा. फतेगंजकडच्या लष्करी हद्दीत ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचे, दक्षिणामूर्ती मंदिर आहे, १९६६ चे, पूर्ण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. त्यात कलश, घुमट, मनोरा अशा वेगवेगळ्या धर्मांच्या खुणा एकत्र गुंफल्या आहेत. ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत आणि कॅमेरा नाही. प्रतापनगरकडचा हजिरा, म्हणजे मकबरा, अकबराच्या काळातला, १५८६ चा. त्याच्या जाळ्यांसाठी दुपार उतरल्यावर जा, तिरपे ऊन आत पडते. सेवासीची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, १५४३ ची, शहराबाहेर पश्चिमेला. ती मात्र अकरा ते एकच्या मधे पाहावी, तेव्हाच सूर्य डोक्यावर असतो आणि उजेड खालच्या मजल्यांपर्यंत उतरतो. पायऱ्यांवर शेवाळ असते, पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर खाली जाऊ नका. १४ जानेवारीच्या मागेपुढे आलात तर दुचाकीवर गळ्याभोवती मफलर गुंडाळा, उत्तरायणात मांजा रस्त्यावर आडवा येतो.